छिन्नीने सोडलेली जागा

आधी तिचे हात पाहूया. दोन्ही तळवे एकमेकांसमोर आले आहेत, पण ते एकमेकांना टेकलेले नाहीत. स्पर्श झाला आहे तो फक्त बोटांच्या टोकांचा, तोही इतका हलका की आणखी क्षणभर पाहिले तर बोटे विलग होतील असे वाटावे. तळव्यांच्या मधोमध एक अरुंद पोकळी राहिली आहे आणि त्या पोकळीत सावली साठली आहे. चित्रकाराला हीच सावली कॅनव्हासवर आणायची असती, तर त्याला मातकट तपकिरी, थोडा काळा, कडेला किंचित तांबूस असे रंग जुळवावे लागले असते. इथे रंगवणाऱ्याने त्या जागी काहीच केलेले नाही. छिन्नीने जागा सोडली, प्रकाश आत शिरेनासा झाला आणि सावली आपोआप तयार झाली. ती ओळखणे आणि तिथे कुंचला न नेणे, एवढेच रंगवणाऱ्याचे काम होते. हे ‘एवढेच’ शिकायला कोरणाऱ्या माणसाला किती वर्षे लागत असतील, या प्रश्नापाशी मी या मूर्तीपुढे पुन्हा पुन्हा येऊन थांबतो.

मूर्ती आहे स्पेनच्या दक्षिणेला, ग्रानादाच्या कॅथेड्रलमध्ये. आलोन्सो कानोने ती 1655-56 या काळात सीडरच्या लाकडात कोरली आणि स्वतःच्या हाताने रंगवली. विषय निष्कलंक मेरीचा, म्हणजे आईच्या गर्भात आल्या क्षणापासूनच पापाचा स्पर्श न झालेल्या मेरीचा. त्या काळच्या स्पेनमध्ये हा श्रद्धाविषय घरोघरी प्रिय होता. मूर्तीची उंची अवघी 55 सेंटिमीटर. कॅथेड्रलच्या गायनकक्षात भलेथोरले स्तोत्रग्रंथ उघडून ठेवण्यासाठी एक उंच ग्रंथाधार उभा केला होता, त्याचा आराखडाही कानोचाच. त्याच्या माथ्यावर बसवण्यासाठी ही मूर्ती घडली. म्हणजे ती खालून पाहिली जाणार, दुरून पाहिली जाणार, आणि गाणाऱ्यांचे लक्ष बहुधा ग्रंथाच्या पानावरच असणार. असे असूनही कानोने ती हातभर अंतरावरून पाहणाऱ्यासाठी घडवावी तशी घडवली.

आता थोडे मागे सरून पूर्ण आकृती न्याहाळूया. पायाशी ढग आहेत, ढगांत देवदूतांची चिमुकली मुखे आहेत. तिथून वस्त्राची कड निमुळती वर चढते, गुडघ्यांपासून कमरेपर्यंत निळा शेला घेरदार होत जातो, आणि खांद्यांपाशी पुन्हा आवरला जाऊन लहानशा, लंबगोल चेहऱ्यापाशी संपतो. दोन्ही टोकांना निमुळती आणि पोटात फुगलेली चाती असावी तसा हा आकार. माणूस उभा राहतो तेव्हा त्याचा भार पायांकडे उतरतो. इथे भार मध्यभागी, वस्त्राच्या घेरात राहिला आहे आणि पाय जवळजवळ नाहीसे झाले आहेत. म्हणून ही मुलगी जमिनीवर उभी आहे असे डोळ्यांना पटत नाही. जोडलेले हात शरीराच्या मध्यरेषेवरून जरासे एका अंगाला सरकले आहेत, चेहरा जरासा दुसऱ्या अंगाला वळला आहे, आणि या दोन लहान हालचालींनी एवढ्याशा लाकडात एक संथ वळसा फिरला आहे. आपण प्रदक्षिणा घालावी, असे ही मूर्ती न बोलता सुचवते.

ही नजर कानोकडे आली कुठून, हे जाणून घेतले की मूर्तीची गोडी वाढते. त्याचा जन्म 1601 मध्ये ग्रानादालाच झाला. वडील मिगेल कानो हे चर्चच्या वेदीमागे उभारल्या जाणाऱ्या लाकडी मखरांचे कारागीर. खांब, कमानी, कोनाडे, त्यांत बसवायच्या मूर्तींची मापे हे सगळे त्या घरात रोजच्या बोलण्यातले. 1614 मध्ये कुटुंब सेव्हिलला आले आणि 1616 मध्ये पंधरा वर्षांचा आलोन्सो फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराकडे शिकायला बसला. त्याच कार्यशाळेत त्याच्याहून थोडा मोठा असलेला दिएगो व्हेलाझ्केझ तेव्हा आपली उमेदवारी संपवत होता. लाकडाच्या घरातला मुलगा रंगाच्या घरात आला. ही घटना वरवर साधी दिसते, पण त्या काळच्या सेव्हिलमध्ये ही दोन घरे कायद्यानेच वेगळी ठेवलेली होती.

कोरणाऱ्यांचा व्यवसाय निराळा, रंगवणाऱ्यांचा निराळा. रंगवायचे तर चित्रकारांच्या संघाची परीक्षा उतरावी लागे. मूर्ती कोरणाऱ्याच्या कार्यशाळेतून कोऱ्या लाकडाच्या अवस्थेत बाहेर पडे आणि चित्रकाराच्या कार्यशाळेत जाऊन तिला कांती, वस्त्र, नजर मिळे. या पद्धतीतून निकृष्ट काम होत असे, असे मात्र समजायचे कारण नाही. सेव्हिलच्या कॅथेड्रलमधली हुआन मार्तीनेझ मोंतान्येस याची क्रूसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती याच वाटेने घडली. 1603 च्या तिच्या करारनाम्यात अशी अट होती की ख्रिस्त जिवंत असावा, आणि पायाशी प्रार्थना करणाऱ्याकडे त्याने असे पाहावे की तो त्याच्याशी बोलतो आहे असे वाटावे. मोंतान्येसने मान झुकवली. रंग पाचेकोचे मानले जातात. त्या मूर्तीच्या पापणीखाली जी थकलेली, ओलसर नजर आहे, तिच्यातला किती वाटा पटाशीचा आणि किती कुंचल्याचा, हे आज कुणालाही वेगळे काढता येणार नाही, इतके हे दोन हात एकजीव झाले आहेत.

आणि तरीही त्याच दोघांचे पुढे बिनसले. 1621 मध्ये मोंतान्येसने सांता क्लारा मठाच्या मखराचे सगळे काम, कोरीव आणि रंगकामासह, एकट्याच्या नावावर घेतले आणि रंगकाम पुढे दुसऱ्याकडे सोपवले. पाचेकोने 1622 मध्ये त्याविरुद्ध पत्रक छापले. पैशाचा प्रश्न त्यात होताच, पण मला त्या भांडणाच्या तळाशी एक खरा कलाप्रश्न दिसतो: मूर्तीवरच्या रंगाचा धनी कोण? कानोने त्या वादात काय भूमिका घेतली हे शोधण्यापेक्षा त्याने काय केले ते पाहावे. 1626 मध्ये तो चित्रकारांची परीक्षा उतरला, आणि त्यानंतर 1628 ते 1631 या काळात लेब्रिहा गावच्या चर्चचे, मूळ वडिलांनी घेतलेले मखराचे काम हाती घेऊन त्यातल्या मूर्ती घडवल्या. दोन्ही घरांच्या किल्ल्या आता त्याच्याजवळ होत्या.

रंगाच्या घरात शिरल्यावर कोरणाऱ्याला पहिली गोष्ट शिकावी लागते ती रंगाची नसतेच. ती असते अस्तराची. पाचेकोने आयुष्यभराचे कसब ‘चित्रकला’ या विषयावरच्या ग्रंथात लिहून ठेवले, आणि तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1649 मध्ये छापला गेला. त्यातली कृती वाचताना आपल्याला कार्यशाळेचा वासच येऊ लागतो. हातमोजे शिवणाऱ्यांकडचे कातड्याचे तुकडे उकळून सरस करायचा. त्या पातळ सरसात लसूण घालून, ते मिश्रण गरम असताना लाकडावर फिरवायचे, म्हणजे लाकडाची तहान भागते आणि वरचे थर धरून राहतात. गाठी असतील तिथे कापड चिकटवायचे, कारण गाठ पुढे वर्षानुवर्षे आपली जागा सांगत राहते. मग जिप्समचे थर: आधी जाडसर, मग बारीक, प्रत्येक थर वाळवून, घासून, पुसून. शेवटी मूर्ती पांढरीशुभ्र, गुळगुळीत होते. लाकडाच्या रेषा दिसेनाशा होतात.

या पांढऱ्या अवस्थेपाशी आपण जरा रेंगाळूया, कारण कोरणाऱ्याचा जीव इथेच वरखाली होतो. त्याने पापणीची कड धारदार ठेवली होती, ती थरांखाली बोथट झाली. ओठांच्या मधली रेघ भरून आली. नाकपुडी उथळ झाली, केसांच्या बटांमधली खाच बुजली. थर पातळ असले तरी ते थर आहेत, आणि काही मिलिमीटरच्या डोळ्यावर कागदाएवढी जाडीसुद्धा फार मोठी ठरते. जो केवळ कोरतो, त्याला हा आपल्या कामावरचा आघात वाटतो. जो केवळ रंगवतो, त्याला पांढऱ्या पृष्ठभागावर काय हरवले ते ठाऊकच नसते. फार तर तो हरवलेली कड रंगाच्या रेघेने परत काढतो. पण जो दोन्ही शिकला आहे, तो लाकूड कोरतानाच या थरांची जाडी हिशेबात धरतो. पापणी गरजेपेक्षा किंचित तीक्ष्ण ठेवायची, नाकपुडी किंचित खोल न्यायची, बटा मोजक्याच पण मोकळ्या सोडायच्या; पुढे अस्तर येऊन ते सगळे नेमके हवे तितके मवाळ करणार आहे. मेरीचे केस पाहिले की हे शहाणपण हाती लागते. सुट्या सुट्या केसांचा मोह नाही. मोठे, मोकळे, पाण्यासारखे ओघ खांद्यांवर उतरले आहेत, आणि केसांचा बारीकपणा रंगातून आला आहे.

त्यानंतर कांती. त्वचेचा रंग चढवण्याच्या दोन रीती तेव्हा प्रचलित होत्या. एक चकचकीत: तेलरंगाचा थर देऊन तो ओलसर कातड्याने घोटत राहायचा, इतका की कुंचल्याची एकही खूण उरू नये आणि गाल तुकतुकीत व्हावा. दुसरी मंद, न घोटलेली. पाचेको या दुसऱ्या रीतीचा कट्टर पक्षपाती होता. घोटलेल्या चेहऱ्यांना त्याने झिलई दिलेल्या ताटांच्या पंगतीला बसवले आहे. त्याच्या या आग्रहामागचे मर्म मूर्तीसमोर उभे राहिल्यावर कळते. चकचकीत गालावर मेणबत्तीचा ठिपका उमटतो. आपण डावीकडे सरकलो की तो ठिपकाही सरकतो, आणि मूर्तिकाराने गालाला दिलेला उतार त्या फिरत्या ठिपक्यात हरवून जातो. मंद कांतीवर प्रकाश पसरतो. कपाळाचा उंचवटा, गालाची उतरण, हनुवटीखालचा खोलगटपणा यांना आपापला मान मिळतो. सफेद्यात हिंगुळाची जरा छटा, गालांवर किंचित अधिक, पापण्यांच्या कडांना आणि नाकाच्या शेंड्याला त्याहून निराळी: इतक्या लहान फरकांवर सगळा चेहरा तोललेला असतो. आणि मग पाचेकोची एक सूचना, जी मला त्याच्या सगळ्या ग्रंथातली सर्वांत काव्यमय वाटते: सगळा चेहरा मंद ठेवून वॉर्निश द्यायचे ते फक्त डोळ्यांना. सगळ्या कोरडेपणात तेवढेच दोन थेंब ओले.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ज्यांनी आखणी पाहिली आहे, त्यांना हा क्षण समजावून सांगावा लागणार नाही. सगळ्या अंगाचा रंग झाला, पीतांबर झाला, दागिने झाले, तरी आखणीसाठी सरावलेला हात यावा लागतो. तो येऊन भुवई ओढतो, बुबुळ ठेवतो, आणि तोवर शाडूची असलेली वस्तू आपल्याकडे पाहू लागते. श्रद्धा निराळी, माती निराळी, शतक निराळे. पण रंगाची ती शेवटची रेघ कोणाच्या हातून यावी याबद्दल दोन्हीकडे सारखीच काळजी आहे. कानोच्या मेरीची नजर मात्र आपल्याकडे येत नाही. पापण्या झुकल्या आहेत. मोंतान्येसचा ख्रिस्त प्रार्थना करणाऱ्याशी बोलतो. ही मुलगी कुणाशीही बोलत नाही, ती आपल्या आत उतरली आहे. पाचेकोने निष्कलंक मेरी बारा-तेरा वर्षांची, पांढऱ्या झग्यात आणि निळ्या शेल्यात दाखवावी असे सांगून ठेवले होते. शिष्याने वय घेतले, निळाई घेतली. पांढऱ्यात मात्र हिरवट छटा मिसळली, आणि त्या एका बदलाने झग्याची शुभ्रता कोरडी न राहता पाण्याखालून दिसावी तशी थंड झाली. वरचा गडद निळा त्या थंडाव्यावर घट्ट बसतो, आणि चेहऱ्याची ऊब या दोन शीतल रंगांमुळेच जाणवते.

सोन्याबद्दल बोलायलाच हवे, कारण कानोने नाकारलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच. त्या काळची सर्वमान्य रीत अशी होती: वस्त्राच्या भागावर तांबड्या मातीचा हात देऊन त्यावर सोन्याचा वर्ख चढवायचा, वर्खावर रंग लावायचा, आणि रंग ओरखडून खालचे सोने वेलबुट्टीच्या रूपात उघडे करायचे. या रीतीचे वैभव मोठे आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसची किंवा से कॅथेड्रलची सोन्याने मढलेली वेदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इबेरियातून आलेल्या त्या सुवर्णप्रेमाची कल्पना आहे. मंद दिव्यांत ते सोने चर्चच्या काळोखाला जे रूप देते त्याला तोड नाही. पण जिथे सारे वस्त्र लखलखते, तिथे वस्त्राची घडी दिसत नाही. चुणीची सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे वेलबुट्टी आपल्याला कळू देत नाही. कानोच्या शेल्यावर निळा रंग मोठ्या, सलग विस्तारात पसरला आहे. म्हणून छिन्नीने केलेली प्रत्येक वळी बोलते: गुडघ्यावरून तिरपी जाणारी एक लांब वळी, कोपराखाली अडकून थबकलेली दुसरी, आणि पायांशी सगळ्या वळ्यांचे एका निमुळत्या टोकात विसर्जन.

आणि या निळ्यात त्याने सावल्या रंगवलेल्या नाहीत. वाचताना हे वाक्य सहज निघून जाईल, म्हणून त्यावर बोट ठेवतो. याच कॅथेड्रलच्या मुख्य गाभाऱ्यात, खूप उंचावर, कानोने मेरीच्या जीवनावरची सात भव्य चित्रे रंगवली. तिथे घडी दाखवायची तर निळ्यात काळोख मिसळल्याशिवाय गत्यंतर नव्हते. सपाट कापडावर खोली निर्माण करणे हाच तिथला सगळा खेळ. तोच माणूस, त्याच वर्षांत, गाभाऱ्यातून कार्यशाळेत येऊन 55 सेंटिमीटरच्या लाकडासमोर बसतो आणि चित्रकाराची ती सगळी सवय बाजूला ठेवतो. खोली आहेच, ती वडिलांच्या घरातून आलेल्या हाताने आधीच दिली आहे. आता तिच्यावर सावली रंगवणे म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणे. चित्रकला न शिकलेला कोरक्या रंगवायला बसला की बहुधा घाबरून प्रत्येक खाच काळी करतो, आणि मूर्ती मळकट दिसते. चित्रकला मुरलेल्या माणसालाच कळते की मूर्तीवर रंगाने प्रकाश दाखवायचा नसतो, येणाऱ्या प्रकाशाला अडवायचे नसते. मला कानो मोठा वाटतो तो या संयमासाठी. या बाबतीत तो मोंतान्येसच्याही पुढे गेला, असे माझे मत आहे.

ग्रानादाच्या धर्मगुरूंनाही काहीसे असेच वाटले असावे. कानोशी त्यांचे संबंध सुखाचे नव्हते. 1652 मध्ये त्याला कॅथेड्रलमध्ये वृत्ती मिळाली आणि 1656 मध्ये ती गेलीही. पण मूर्तीबद्दल दुमत झाले नाही. ग्रंथाधाराच्या माथ्यावर ती फार दूर पडते, जवळून पाहायला मिळत नाही, म्हणून तिला तिथून काढून कॅथेड्रलमधल्याच दुसऱ्या दालनात, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या टप्प्यात ठेवण्यात आले. रिकाम्या झालेल्या माथ्यासाठी कानोनेच 1664 मध्ये बालयेशूला कुशीत घेतलेली मेरी कोरून दिली. ज्या वस्तूची जागा पाहणाऱ्यांच्या ओढीने बदलावी लागते, तिला याहून मोठी दाद कोणती मिळणार!

त्याच्या हाताखाली काम केलेला पेद्रो दे मेना पुढे निराळ्या दिशेने गेला. तोलेदोच्या कॅथेड्रलमधल्या त्याच्या संत फ्रान्सिसला काचेचे डोळे आहेत, केसांच्या खऱ्या पापण्या आहेत, कमरेला खरी दोरी आहे; 1663 मध्ये घडलेली ती मूर्ती समोर आली की माणूस दचकतो. तो दचकाही कलेतला एक अनुभव आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण काच आणि केस आणल्यावर पाहणाऱ्याला काही भर घालायला जागा उरत नाही. कानोच्या मुलीच्या पापण्या रंगाच्या आहेत, आणि त्या हलतील की काय असे वाटण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.

ग्रानादाला गेलात तर या लहान मूर्तीनंतर मान वर करून आदाम आणि हव्वा यांचे विशाल अर्धपुतळेही अवश्य पाहा. कानोने ते आयुष्याच्या शेवटी कोरले. 1667 मध्ये तो गेला, आणि त्यांच्यावर रंग चढवला तो दुसऱ्या कुणीतरी, त्याच्या पश्चात. मान तीच, केसांचे ओघ तेच, गालांची उतरणही त्याच हाताची. पण त्या त्वचेवर, ओठांवर, भुवयांवर जे आले ते त्याने ठरवलेले नव्हते. निष्कलंक मेरी डोळ्यांत ताजी असताना त्या दोन चेहऱ्यांकडे पाहिले, तर कोणता रंग लाकडाने मागितला होता आणि कोणता त्याच्यावर बसवला गेला, हे आपल्या आपण ताडून पाहता येते.